सेंट हेलेना ते ओरत्तनाडु : एका न ठरवलेल्या सहलीची गोष्ट

पुण्यातील एका सेवानिवृत्त दांपत्याच्या घरी एक जुना शालेय नकाशासंग्रह आहे. त्याची बांधणी सैल झाली आहे, पाने पिवळी पडली आहेत. परंतु अटलांटिक महासागराचे पान उघडले, की आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यानच्या निळ्या विस्तारात पेन्सिलीने काढलेले एक लहानसे वर्तुळ दिसते. वर्तुळाच्या आत एक टिंब आहे. ते टिंब म्हणजे सेंट हेलेना बेट.

हे वर्तुळ घरातील बाईंनी काढले, लग्नाच्या वर्षी, म्हणजे १९८४ साली. पुढे तीस वर्षे त्यांनी एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल हे विषय शिकवले. यजमान एका खासगी कारखान्यात हिशेबनीस होते. दोघेही बँकेचे जुने संयुक्त खातेदार. त्यांच्या एका अचानक घडलेल्या प्रवासाची ही हकिकत त्यांच्या संमतीने येथे देत आहोत. नावे छापू नयेत, एवढीच त्यांची अट आहे.

निळ्या पानावरचे टिंब

सेंट हेलेना हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर दूर आहे. क्षेत्रफळ जेमतेम १२० चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. जेम्सटाऊन ही त्याची राजधानी दोन उंच कड्यांमधील चिंचोळ्या दरीत वसली आहे. गावातून कड्यावर चढणारा ६९९ पायऱ्यांचा उभा जिना प्रसिद्ध आहे. २०१७ साली तेथे नियमित विमानसेवा सुरू झाली. त्यापूर्वी केप टाऊनहून बोटीने निघावे आणि पाच-सहा दिवस समुद्राखेरीज काही पाहू नये, असाच तेथे जाण्याचा मार्ग होता.

बाईंना या बेटाची ओढ लागली ती नेपोलियनमुळे. १८१५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्याला तेथे आणले आणि ५ मे १८२१ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. वर्गात हा धडा शिकवताना बाई आणखी एक गोष्ट आवर्जून सांगत. १८०३ साली असईच्या लढाईत मराठी फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतताना याच बेटावर उतरला होता. तो जेथे राहिला, त्याच 'ब्रायर्स' नावाच्या ठिकाणी दहा वर्षांनी नेपोलियनचा मुक्काम पडला. ज्याने वॉटर्लूला हरवले आणि जो हरला, ते दोघेही एकाच जागेचे पाहुणे! हिंदुस्थानातून परतणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पाणी भरण्यासाठी येथे थांबत. १६५९ पासून १८३४ पर्यंत बेटाचा कारभार प्रामुख्याने कंपनीच्याच हाती होता. म्हणजे हे टिंब वाटते तितके परके नव्हते.

"एकदा इथे जाऊ," असे यजमान १९८४ साली म्हणाले होते. बाईंनी वर्तुळ काढले ते त्या शब्दाची नोंद म्हणून.

मुदत संपत गेली

हिशेबनीस माणसाने दिलेला शब्द हवेत राहत नाही. यजमानांनी प्रवासासाठी आवर्ती ठेव उघडली. दरमहा पगारातून ठरावीक रक्कम जाऊ लागली. पहिली मुदत संपली तेव्हा आईची शस्त्रक्रिया निघाली. दुसरी संपली तेव्हा घराच्या कर्जाचा पहिला हप्ता उभा होता. तिसरी मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या कामी आली. यात खेद करण्यासारखे काही नव्हते. बचत ज्यासाठी करावयाची, त्यासाठीच ती उपयोगी पडली होती. प्रत्येक वेळी यजमान नवा अर्ज भरून नवी ठेव सुरू करीत आणि घरी येऊन सांगत, "या खेपेची मात्र तुझ्या बेटाची." बाई हसत.

निवृत्तीनंतर पैसा उरला, तेव्हा बाईंच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली. तपासणीत काचबिंदू निघाला. या विकारात बाजूची दृष्टी हळूहळू आक्रसत जाते. औषधाच्या थेंबांनी वेग रोखता येतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. समोरचे अक्षर बाईंना स्वच्छ वाचता येत होते, परंतु जिना उतरताना कठडा सापडत नसे. एका संध्याकाळी त्यांनी नकाशासंग्रह उघडला आणि सहज बोलून गेल्या, "टिंब दिसते आहे हो. भोवतीचा समुद्र काही एका नजरेत येत नाही."

ठेवीचे नूतनीकरण करता येते, डोळ्यांचे करता येत नाही, हे यजमानांना त्या वाक्याने कळले. मात्र दक्षिण अटलांटिकपर्यंतचा लांबचा विमानप्रवास, व्हिसा, परक्या देशातील वैद्यकीय सोय अशी यादी त्यांनी करायला घेतली आणि नेहमीप्रमाणे यादीच लांबत गेली.

चार मोकळे दिवस

२०२४ च्या जानेवारीत दोघे मुलाकडे बेंगळूरूला गेले होते. आठवडाभराचा बेत होता. तिसऱ्याच दिवशी मुलाला कामानिमित्त परदेशी जावे लागले. पुण्याचे परतीचे तिकीट पाच दिवसांनंतरचे. रिकाम्या घरात दोघे समोरासमोर बसली असता बाई म्हणाल्या, "अहो, कुठेतरी जाऊ या ना. ठरवायचे काही नाही. फक्त निघायचे."

आयुष्यात कोणताही प्रवास तीन महिने आधी आरक्षण केल्याशिवाय न केलेले यजमान क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी भ्रमणध्वनीवर गाड्या पाहिल्या. म्हैसूरहून बेंगळूरूमार्गे कावेरीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या रात्रीच्या गाडीत दुसऱ्या दिवशीच्या तत्काळ कोट्यातून दोन जागा मिळाल्या. तंजावर. दोघांपैकी कोणीही ते पाहिलेले नव्हते. एक पिशवी, औषधाचे थेंब, पाण्याची बाटली एवढ्यानिशी दोघे निघाली.

पहाटे गाडी तंजावरला पोहोचली. पोंगल नुकताच होऊन गेला होता; दारोदारीच्या कोलमच्या रेषा अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. दोघांनी बृहदीश्वराचे दर्शन घेतले. राजराज चोळाच्या या हजार वर्षांच्या मंदिराच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत कोरलेला एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. १८०३ साली कोरलेल्या या लेखात भोसले घराण्याचा इतिहास आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर हस्तगत केले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, कावेरीच्या काठी मराठी राजघराणे नांदले. बाईंनी भिंतीजवळ उभे राहून ओळ न ओळ वाचण्याचा प्रयत्न केला. अक्षर ओळखीचे, भाषा दोनशे वर्षांपूर्वीची. दगडातील खाचांवरून त्या बोट फिरवीत राहिल्या.

तेथेच एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जात होती, परंतु तिचा हेल तमिळ होता आणि काही शब्द आजीच्या तोंडून ऐकलेले असावेत असे जुने होते. पाहुणे कसे आलात, असे त्यांनी विचारले. काही न ठरवता आलो, असे यजमानांनी जरा ओशाळूनच सांगितले. वृद्ध गृहस्थ प्रसन्न हसले आणि म्हणाले, "मग ओरत्तनाडूला जाऊन या. न सांगता येणाऱ्यांसाठीच ते छत्र बांधलेले आहे."

ओरत्तनाडूची वाट

ओरत्तनाडु तंजावरच्या दक्षिणेस पट्टुक्कोट्टै मार्गावर सुमारे २४ किलोमीटरवर आहे. प्रवासी पुस्तिकांत हे नाव क्वचितच आढळते. दोघांनी बसस्थानकावर नाव उच्चारले. तिघांनी तीन प्रकारे उच्चार दुरुस्त केला आणि चौथ्याने हात धरून बसमध्ये बसवले. वाहकाने यजमानांकडून भाडे घेतले, बाईंना मात्र पैसे न घेताच तिकीट दिले. तमिळनाडूत २०२१ पासून साध्या नगर-बसगाड्यांत स्त्रियांना प्रवास विनामूल्य आहे. "हिशेबात एवढी बचत कधी दाखवली नव्हती तुम्ही," असे बाईंनी म्हणताच यजमान मनापासून हसले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकलेला सांबा भात उभा होता. तंजावर हे तमिळ देशाचे भाताचे कोठार. परंतु या दक्षिण भागाला कावेरीचे पाणी जुन्या काळी मुबलक मिळत नसे. मेट्टूर धरणाच्या योजनेबरोबर १९३४ साली 'ग्रँड अनिकट' कालवा सुरू झाला आणि ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै या पट्ट्यातील कोरडी जमीन भिजली. भाताच्या जोडीला नारळाच्या बागा उभ्या राहिल्या. १६ नोव्हेंबर २०१८ च्या 'गज' चक्रीवादळाने या बागा आडव्या केल्या. नारळाचे झाड उभे राहून फळाला येण्यास वर्षे लागतात. कित्येक कुटुंबांची एका पिढीची बचत एका रात्रीत गेली. आता नव्या माडांच्या रांगा पुन्हा उभ्या राहताना दिसतात. जुन्या झाडाच्या बुंध्याशेजारी कोवळे रोप, हे दृश्य बसच्या खिडकीतून यजमानांनी बाईंना दाखवले. आता त्या खिडकीशी बसत नसत. बाजूचे दिसत नसल्याने समोरच्या काचेतून पाहणे त्यांना सोपे जाई.

ओरत्तनाडु हे नगर पंचायतीचे गाव. बाजारपेठ, शाळा, २०१२ साली सुरू झालेले शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय, चहाच्या टपऱ्या, सायकली. कोठल्याही चारचौघांसारखे गाव म्हणून ते सोडून देता येईल. परंतु याच गावाचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम् आहे आणि त्या नावामागे एक स्त्री आहे.

मुक्तांबाळची इच्छा

सरफोजीराजे दुसरे यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. तुळजाराजांच्या निधनानंतर गादीचा वाद झाला, अमरसिंहांचा अंमल आला आणि तरुण सरफोजींचे शिक्षण मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये गादी मिळाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीने घेतला. राजाच्या वाट्याला तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पागोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. ज्या माणसाला राज्य करावयाचे होते, त्याच्या हाती मानधन उरले.

याच काळात त्यांची प्रिया मुक्तांबाळ निवर्तली. ती विधिवत राणी नव्हती. मरणशय्येवर तिने राजाजवळ एकच मागणे मागितले, असे सांगतात: माझ्या नावाने वाटसरूंसाठी एक छत्र बांधा. दागिने नाहीत, समाधी नाही, अन्नछत्र. सरफोजींनी १८०२ साली ओरत्तनाडु येथे ते उभारले आणि त्याला तिचे नाव दिले.

तंजावरच्या राजांनी अशी छत्रे अनेक बांधली. रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटांवर ती मुक्कामा-मुक्कामाच्या अंतराने होती. काशीची गंगा कावडीने रामेश्वरास नेणारे यात्रेकरू त्या वाटेने पायी जात. त्यांत महाराष्ट्रातील माणसेही असत. पुष्कळ छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलम् येथील छत्र यमुनांबाळच्या नावाचे, तसे ओरत्तनाडूचे मुक्तांबाळच्या. राण्यांच्या पंक्तीत राणी नसलेल्या स्त्रीचे नाव सन्मानाने बसवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मध्यरात्रीची घंटा

या छत्रांत काय चाले, हे कल्पनेवर सोडण्याची गरज नाही. १८०१ साली सरफोजींनी तंजावरचे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. छत्रांचा कारभार आपल्याच हाती राहू द्यावा, ही त्यातील विनंती. मुक्तांबाळचे छत्र त्यानंतरचे, परंतु ते ज्या परंपरेत उभे राहिले, तिचे सविस्तर वर्णन या पत्रात आहे.

छत्रात येणाऱ्या प्रत्येकाला, ब्राह्मणापासून समाजाने सर्वांत खाली लोटलेल्या माणसापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्वांना शिजवलेला भात मिळे. शिजवलेले न खाणाऱ्यास कोरडा शिधा मिळे. वाटप दिवसभर चालून मध्यरात्रीपर्यंत पोहोचे. मध्यरात्री घंटा वाजवली जाई आणि अद्याप कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने येऊन आपला वाटा घेऊन जावा, अशी मोठ्याने हाळी दिली जाई.

आजारी पडलेल्या वाटसरूला बरे होईपर्यंत ठेवून घेतले जाई. त्यासाठी वैद्य नेमलेले असत; सर्पदंशावर उपचार करणारेही असत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गर्भवती स्त्री वाटेत अडली तर तिचे बाळंतपण छत्रात होई आणि त्यानंतरही काही महिने तिची काळजी वाहिली जाई. अनाथ मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. परमुलखात देह ठेवणाऱ्याचे अंत्यसंस्कार त्याच्या रीतीप्रमाणे होत. तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात, आणि आपल्या पदाला असलेला हाच सर्वांत मोठा मान आपण समजतो, अशा आशयाचे राजाने लिहिले आहे.

ज्याच्याकडून सैन्य गेले, महसूल गेला, न्यायनिवाडा गेला, त्या राजाने परक्या अधिकाऱ्याकडे मागितले ते काय? भुकेल्याला जेवू घालण्याचा अधिकार.

बँकेशी संबंधित वाचकांना या व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. छत्रे राजाच्या लहरीवर किंवा वर्षागणिक देणग्यांवर चालत नसत. त्यांना गावे आणि जमिनी लावून दिलेल्या असत आणि त्यांच्या उत्पन्नातून खर्च भागे. मूळ मत्ता अबाधित ठेवून तिच्या उत्पन्नावर सत्कार्य चालवावयाचे, हेच आजच्या कोणत्याही चांगल्या विश्वस्त निधीचे सूत्र आहे. दान देणाऱ्याच्या पश्चातही दान चालू राहावे, याची ती तजवीज होती. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. छत्रे पुढे सरकारी व्यवस्थेकडे गेली. मुक्तांबाळ छत्राच्या वास्तूत नंतरच्या काळात विद्यार्थ्यांची सोय झाली. वाटसरूंची वर्दळ थांबली, तरी पोरांची जा-ये राहिली.

ओट्यावरची दुपार

दोघे छत्रापुढे पोहोचली तेव्हा ऊन चढले होते. विटा-चुन्याची ही भव्य वास्तू दोनशे वर्षांच्या पावसाने काळवंडली आहे. दर्शनी ओट्याला रथाचा घाट दिला आहे. घोडे आणि हत्ती तो ओढीत आहेत, असे वाटावे अशी रचना. जणू सारे छत्रच प्रवासाला निघाले आहे! काही मूर्तींची झीज झाली आहे, कोठे गिलावा सुटला आहे, भेगांतून पिंपळ डोकावतो.

जवळच्या खाणावळीत केळीच्या पानावर जेवण झाले. सांबार वाढताना यजमानांना ऐकीव गोष्ट आठवली, की हा पदार्थ तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मला आणि संभाजीराजांवरून त्याला नाव पडले. "दंतकथा आहे ती, पुरावा नाही," बाईंनी शिक्षिकेच्या सुरात सांगितले आणि वाटी पुढे केली. वाढणाऱ्या बाईने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला, तिसऱ्यांदाही वाढला. भाषेची अडचण तिला जाणवलीच नाही.

जेवणानंतर दोघे छत्रासमोरच्या सावलीत बसली. सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजींच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून त्यावर केलेले उपचार लिहून ठेवले आहेत, असे बाईंनी पूर्वी वाचले होते. "दोनशे वर्षांपूर्वी आले असते, तर माझ्याही डोळ्याचे चित्र निघाले असते," त्या म्हणाल्या. यजमानांना काय उत्तर द्यावे ते सुचेना. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी फार उशीर केला."

बाईंनी लगेच नाकारले नाही. खोटी समजूत घालण्याची सवय त्यांना नव्हती. "हो, केलात," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण काल रात्री नाही केलात."

एवढ्यात शाळा सुटली. गणवेशातील पाच-सहा मुले पाहुण्यांभोवती जमली. कोठून आलात, हे एकाने इंग्रजीत विचारले. बाईंनी पुण्याचे नाव सांगितले; मुलांना ते नीटसे उमगले नाही. मग बाईंनी एक काटकी उचलली आणि धुळीत भारताचा नकाशा काढला. मान वर न करता, एका रेषेत, गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत. तीस वर्षांचा हात होता. त्याला बाजूच्या दृष्टीची गरज नव्हती. पुण्याला एक टिंब, ओरत्तनाडूला दुसरे, मध्ये एक रेघ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाने काटकी मागून घेतली आणि खाली, बेटाच्या आकाराची, श्रीलंका काढून नकाशा पुरा केला.

यजमान हे पाहत होते. बाईंना वर्गात शिकवताना त्यांनी चाळीस वर्षांत प्रथमच पाहिले.

बोनापार्टचा मनोरा

संध्याकाळी परत तंजावरला न जाता दोघे तशीच पुढे पट्टुक्कोट्टैला गेली आणि तेथे मुक्कामास राहिली. दुसऱ्या दिवशी तेथून सुमारे २० किलोमीटरवर, पाल्कच्या उपसागराच्या काठी, त्यांना 'मनोरा' दिसला. सरफोजींनीच १८१४-१५ मध्ये बांधलेला हा आठ मजली षट्कोनी बुरूज. दीपगृह म्हणून त्याचा उपयोग होई आणि राजपरिवार अधूनमधून तेथे मुक्कामास असे. २००४ च्या त्सुनामीत त्याचे नुकसान झाले. पुढे त्याची दुरुस्ती करण्यात आली.

हा बुरूज कशासाठी बांधला, हे त्यावरील लेखात स्पष्ट आहे. इंग्रजांचे विजय आणि बोनापार्टचे पतन यांच्या स्मरणार्थ. साल दिले आहे १८१४.

बाई त्या आकड्यापाशी थांबल्या. १८१४ मध्ये नेपोलियनने गादी सोडली खरी, पण तेव्हा त्याला पाठवले होते एल्बा या भूमध्य समुद्रातील बेटावर. १८१५ मध्ये तो तेथून निसटला, पुन्हा सम्राट झाला, वॉटर्लूला हरला आणि मग सेंट हेलेनाला गेला. म्हणजे तंजावरच्या राजाने पतनाचे स्मारक उभारायला घेतले, तेव्हा ते पतन पुरते झालेही नव्हते. ज्या कंपनीने राजाचे राज्य घेतले, तिच्या मित्रांच्या विजयाचा हा खांब. त्यात राजाची खुशी किती आणि निरुपाय किती, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या परीने करावा.

"म्हणजे तुझे बेट इथे आहे तर," यजमान म्हणाले.

"माझे बेट तिकडेच आहे," बाई म्हणाल्या, "पण त्याचा एक धागा इथे बांधलेला आहे, हे मला शाळेत असताना ठाऊक असते, तर किती बरे झाले असते!"

समोर उथळ, शांत समुद्र होता. बाई मान हळूहळू एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवीत राहिल्या. एका नजरेत न मावणारे पाणी त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी पाहून घेतले.

सरफोजींच्या दोन वास्तू एकाच रस्त्यावर आहेत. एक सामर्थ्यशाली मित्राला खूश करण्यासाठी, दुसरी एका मरणोन्मुख स्त्रीला दिलेला शब्द पाळण्यासाठी. पहिलीचे प्रयोजन उभारणी पूर्ण होईपर्यंत बदलले होते. दुसरीचे प्रयोजन दर मध्यरात्री घंटेबरोबर नवे होत असे. आपल्या माणसाला दिलेला शब्द आणि अनोळखी माणसाला दिलेले अन्न या दोन गोष्टी ओरत्तनाडूत एकाच छपराखाली आल्या. म्हणूनच वाट वाकडी करून ते पाहावे.

पुण्यास परतल्यावर यजमानांनी नकाशासंग्रह काढला. भारताच्या पानावर तंजावर होते, ओरत्तनाडु नव्हते. एवढे लहान गाव शालेय नकाशात कोण छापणार? त्यांनी पट्टीने अंतर मोजले, तंजावरच्या खाली पेन्सिलीने एक टिंब दिले आणि त्याभोवती वर्तुळ काढले. अटलांटिकचे वर्तुळ त्यांनी पुसले नाही. सेंट हेलेनाची चौकशी चालू आहे. या खेपेस यादी बाई करीत आहेत, आणि ती एकाच पानाची आहे.

कसे जाल?

तंजावर हे रेल्वेने चेन्नई, तिरुचिरापल्ली व बेंगळूरु यांच्याशी जोडलेले आहे. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली येथे आहे. तंजावरहून पट्टुक्कोट्टै मार्गावर ओरत्तनाडु सुमारे २४ किलोमीटर. बसगाड्या दिवसभर मिळतात. तेथून पट्टुक्कोट्टै आणि पुढे मनोरा करून एका दिवसात तंजावरला परत येता येते. मुक्कामासाठी तंजावर सोयीचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखद. मुक्तांबाळ छत्राच्या आवारात विद्यार्थ्यांचा वावर असल्यास परवानगी घेऊनच आत जावे. तंजावरमधील सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय आणि बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख यांसाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा.